बारक्यांचं वजन

मी आज जिथे आहे तिथे कुणामुळे पोचलो, असं कुणी विचारलं तर मी बारके सरांचं नाव घेतो. हे त्यांचं खरं नाव नव्हे. आष्टीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला मुलांनी ते दिलं होतं. नाव आधी ऐकून मग सरांना पाहणारा प्रत्येक जण हसायचा, कारण सर सहा फुटांच्या वर उंच होते आणि प्रयोगशाळेच्या दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागायची.

नाव पडलं ते त्यांच्या बाटल्यांवरून. समुद्रात कोळंबीच्या भाऊबंदांपैकी एक अगदी लहान जीव असतो. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढा, कधी त्याहून कमी. अंगावर पातळ कवच, पुढे दोन काळे डोळे, मागे पंख्यासारखी शेपटी. मेलेले प्राणी टिकवायचं फॉर्मालिन घातलेल्या बाटलीत तो भातासारखा पांढरा दिसतो. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, सर त्याला बारका म्हणायचे. बारक्याची लांबी किती आणि त्या लांबीला वजन किती, एवढी एक गोष्ट नीट कळावी म्हणून सरांनी नोकरीची बहुतेक वर्षं घालवली. तीही बीड जिल्ह्यात बसून, जिथून समुद्र गाठायचा तर एसटी बदलत बदलत जावं लागतं.

हे कशासाठी, असा प्रश्न आम्हाला पहिल्याच वर्षी पडला होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलाने तो विचारलाही. "सर, पण कावून मोजायचं हे? कुणी खातंय का यांला?"

सर खूश झाले. "मासे खातेत," ते म्हणाले. "आन् मासे तू खातोस."

मग त्यांनी फळ्यावर मासा काढला. माशाचं पोट उघडलं की आत अख्खा बारका सापडत नाही, तो विरघळलेला असतो. सापडते ती शेपटी, कधी नुसते डोळे. शेपटीवरून बारक्याची लांबी काढायची, लांबीवरून वजन काढायचं, मग त्या माशाने किती खाल्लं ते कळतं. एका माशाचं कळलं की हजारांचं कळतं, आणि समुद्रात माशांना पुरेल एवढं खाणं आहे की नाही ते सांगता येतं. पण हे सगळं लांबीवरून वजन सांगणारा तक्ता बरोबर असेल तरच. तो तक्ता सर करत होते.

त्यांचं एक वाक्य कॉलेजात सगळ्यांना पाठ होतं. कुणीही कशाचंही माप सांगितलं की ते विचारायचे, "कुठून कुठपर्यंत?" एकदा कॅन्टीनच्या मागे साप निघाला. दोघं मुलं धावत आली आणि सात फुटी धामण पाहिल्याचं सांगू लागली. सरांनी त्यांना बसवून घेतलं. कुठून कुठपर्यंत सात फूट? तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत का? सरळ होती का वळलेली? कुणी ताणली का? दोघं शेवटी तीन फुटांवर आली आणि एकाने तर ती दोरीही असू शकेल असं कबूल केलं. प्राचार्यांनी एका सभेत महाविद्यालयाच्या प्रगतीची झेप मोठी आहे असं म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी सरांच्या आवाजात तेच विचारलं. सगळं सभागृह हसलं. सर तेवढे हसले नाहीत. त्यांना तो प्रश्न योग्यच वाटला असावा.

बारक्याच्या बाबतीत या प्रश्नाला अर्थ होता. मोजायचं ते कपाळाच्या टोकापासून शेपटीच्या पात्याच्या टोकापर्यंत. पात्यावर केस असतात, ते सोडून. मेलेला बारका वाकतो, म्हणून त्याला काचपट्टीवर दोन सुयांनी हलकेच सरळ करायचं, पण ओढायचं नाही. ओढला की लांबी खोटी. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बारीक रेघांची पट्टी असते, तिच्यावर रेघा मोजायच्या. माझे पहिले बारके मी तोडले. सर मागून बघत होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "त्याला झोपलेल्या लेकरासारखं सरळ कर. उठलं न्हाई पायजे."

बाटल्या कोकणातून यायच्या. सरांचे एक वर्गमित्र तिकडच्या कॉलेजात शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीत ते होडीतून जाळं टाकून बारके गोळा करत, फॉर्मालिनच्या बाटलीत भरत आणि एसटीच्या पार्सलने पाठवत. नगरच्या बसस्थानकावर सर ते स्वतः उतरवून घ्यायचे. एका वर्षी बाटलीचं बूच सैल झालं आणि गाडीत वास सुटला. कंडक्टर डोळे पुसत खाली उतरला आणि त्याने विचारलं की मास्तर, ह्यात काय मेलंय. सर म्हणाले, सगळेच. किती ते मोजल्यावर सांगतो.

लांबी हिवाळ्यात मोजून व्हायची. वजन मात्र मे महिन्यातच.

याचं कारण ऊस. कॉलेज नगर रस्त्याला लागून आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला कारखान्यांचं गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसभर रस्त्यावरून जातात. एक ट्रॅक्टर गेला की प्रयोगशाळेतल्या काट्याचा आकडा थरथरायचा, आणि तो स्थिर होतो न होतो तोच पुढचा. सरांनी काट्याखाली वाळू घातली, वाळूवर शहाबादी फरशी ठेवली, तरी आकडा ठरेना. मग त्यांनी नियम केला. ट्रॅक्टर चालू तोवर वजन नाही. कारखाने बंद होतात, ऊसतोडीला गेलेली माणसं परत येतात, रस्ता शांत होतो, तेव्हा वजन. शिवाय मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. सरांना तेच हवं असायचं. वाळवलेला बारका हवेतलं पाणी ओढून घेतो आणि काट्यावर जड होत जातो. आष्टीच्या हवेत ओढायला पाणीच नसायचं. याचा त्यांना एवढा अभिमान होता की दुष्काळाची बातमी कुणी वाचली तरी ते म्हणायचे, "वजनासाठी अशी हवा जगात कुठं मिळायची न्हाई. समुद्र मोजायचा तर आष्टीतूनच मोजावा."

वजनाच्या दिवसांचे नियम वेगळे. पंखा बंद, खिडक्या बंद, दार बंद, चहा बंद, कारण चहाने हात कापतो. बोलायचं नाही, श्वास काट्याच्या बाजूला सोडायचा नाही. एक बारका एकट्याने काट्याला कळतच नाही, म्हणून एकाच लांबीचे पुष्कळ बारके ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या होडीत एकत्र ठेवायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे आणि वजन बदलायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलायचे. पोटाखाली पिल्लांची पिशवी असलेल्या माद्या वेगळ्या. "गरवार बाजूला," सर कुजबुजायचे, बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसं. बाहेर ऊन कडकायचं, आत आम्ही घामाने निथळत माना दुसरीकडे वळवून श्वास घ्यायचो. मेव्हण्याच्या लग्नाला सर गेले नाहीत ते यामुळेच. घरच्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, "ओव्हनमधे माणसं हायत माझी." ती गोष्ट त्यांच्या सासुरवाडीत अजून सांगतात म्हणे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना अशाच एका मे महिन्यात अण्णा कॉलेजात आले. अण्णा म्हणजे माझे वडील. ते बाजार समितीत हमाल. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली पोती उचलायला जाईन असं ठरलेलं होतं, आणि मी रोज सकाळी कॉलेजात जातोय याचा त्यांना उलगडा होत नव्हता. ते दारात उभे राहिले. सरांनी ओठांवर बोट ठेवलं, हाताने आत बोलावलं आणि एका स्टुलावर बसवलं. आकडा ठरेपर्यंत कुणी बोललं नाही. मग खिडकी उघडली आणि अण्णांनी विचारलं, "किती भरलं, सर?"

सरांनी सांगितलं. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग, असं समजावून सांगितलं.

अण्णांनी हिशेब धरला. "म्हंजे पन्नास किलोच्या पोत्यात किती बसतील?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. सरांनी कागद ओढला आणि गणित मांडलं. वाळलेला बारका साधारण एवढ्याचा, तर पोत्यात अमुक. मग त्यांना वाटलं की सगळे बारके एका लांबीचे कसे धरायचे. ते म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाजार समितीत गेले आणि मोकळ्या ओट्यावर बसलेल्या अण्णांना म्हणाले, "धा कोटी. थोडे हिकडं-तिकडं."

अण्णा म्हणाले, "धा कोटींचं पोतं उचलायचं तर मीच लागंन की मग."

ते वाक्य अण्णांनी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं. मला पोती उचलायला बोलावणं त्या दिवसापासून बंद झालं. आमच्या वस्तीतल्या विहारात कुणी विचारलं की पोरगं काय शिकतंय, तर आई म्हणायची, वजनाचं शिकतंय, बापासारखंच, पण हलकं.

बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय करायचं हे मला माहीत नव्हतं, कारण पुढे काय असतं हेच माहीत नव्हतं. सरांनी फॉर्म आणले. एम.एस्सी. झाली. मग कोकणातल्या एका संशोधन केंद्रात मुलाखत निघाली, तेव्हा सर माझ्याबरोबर आले. एवढा लांबचा प्रवास मी कधी केला नव्हता, आणि त्यांनीही बहुधा कमीच केला असावा. सकाळी केंद्राच्या फाटकाबाहेर आम्ही समुद्राच्या बांधावर बसलो. म्हणजे मी समुद्राकडे तोंड करून आणि सर पाठ करून. मी म्हटलं, सर, बघा तरी. त्यांनी मान वळवून एकदा बघितलं आणि म्हणाले, "लई हलतंय. तू आपलं लक्ष मुलाखतीवर ठेव."

आत मला विचारलं, बीडचा मुलगा समुद्रातल्या जीवांवर काय काम करणार. मी बारका कुठून कुठपर्यंत मोजायचा ते सांगायला लागलो, आणि थांबलोच नाही. माझी निवड झाली. सर त्याच दिवशीच्या गाडीने परत निघाले, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षेवर नेमणूक होती. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, चष्मा कापडाने पुसायचा, शर्टाने नाही. आशीर्वाद म्हणून त्यांनी एवढंच दिलं.

हे सगळं आठवायचं कारण मागच्या महिन्यातला त्यांचा फोन.

सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता त्यांच्याजवळ वेळ आहे, आणि त्यांनी तो तक्ता पुस्तिकेच्या रूपात छापायला काढला आहे. मराठीत. आमच्यासारख्या कॉलेजांतल्या मुलांना, ज्यांच्याकडे धड काटा नाही, त्यांना नुसती लांबी मोजून वजन काढता यावं म्हणून. प्रेसवाल्याशी बोलणं झालं होतं. त्यांनी मला सांगितलं की प्रस्तावना तू लिही. मी म्हटलं, सर, मी कोण? तर म्हणाले, "माझ्या हाताखालून गेलेला, आन् बारके अजून मोजणारा तूच एक हायस. बाकीचे फौजदार झाले."

मग फोन काकूंनी घेतला. सरांच्या पत्नीला आम्ही मुलं काकूच म्हणतो. त्या म्हणाल्या, निवृत्तीनंतर यांना करमतच नव्हतं रे, घरातल्या भांड्यांची मापं काढत बसायचे. पुस्तकाचं ठरल्यापासून शिट्टी वाजवतायत.

मी तक्ता उघडून बसलो. माझ्या सध्याच्या कामात बारक्याची तीच जात आहे. फरक इतकाच की इथे बारके जिवंत मिळतात. पहाटे जाळं टाकायचं, किनाऱ्यावर यायचं, गोड्या शुद्ध पाण्यातून काढून अंगावरचं मीठ धुवायचं आणि लगेच वाळवायला ठेवायचं. प्रस्तावनेत दोन ओळी घालाव्यात म्हणून मी माझी वजनं सरांच्या वजनांशेजारी लावून पाहिली. लांबी जुळत होती. वजन जुळत नव्हतं. माझा प्रत्येक बारका सरांच्या बारक्यापेक्षा जड होता.

साहजिकच मला वाटलं की चूक माझी. मीठ नीट धुतलं गेलं नसेल, म्हणून पुन्हा धुतलं. कोकणातली हवा दमट, म्हणून ओव्हनमधून काढलेली होडी झाकणबंद काचपात्रात गार केली आणि झटकन तोलली. तरी जडच. आमच्या केंद्रात ज्या बाई माझं काम बघतात, त्यांनी दोन्ही रकाने पाहिले आणि एकच प्रश्न विचारला. "तुझ्या सरांचे प्राणी तोलायच्या आधी बाटलीत किती दिवस होते?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. दिवाळीला भरलेली बाटली, मे महिन्यात वजन. दर वर्षी.

फॉर्मालिनमध्ये बारक्याच्या अंगातलं बरंच काही हळूहळू पाण्यात उतरतं. कवच टिकतं, म्हणून लांबी तशीच राहते, आतून मात्र तो हलका होत जातो. इथे ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, कारण इथे ताजा बारका हाताशी असतो आणि तुलना करता येते. आष्टीत ताजा बारका कुणीच कधी पाहिला नव्हता. पोचायचा तोच मेलेला आणि मुरलेला. आणि सरांनी काट्याची एवढी काळजी घेतली नसती, ट्रॅक्टरांच्या भीतीने महिनोन्‌महिने थांबले नसते, तर चूक लहान राहिली असती. त्यांच्या काळजीनेच ती मोठी केली.

खात्री करायला मी एका जाळ्यातल्या बारक्यांचे दोन भाग केले. अर्धे ताजे तोलले, अर्धे बाटलीत घालून ठेवले. आष्टीच्या हिशेबाने थांबायला वेळ नव्हता, पण केंद्रात मागच्या वर्षीच्या बाटल्या होत्याच, त्यांच्या ताज्या वजनांसकट. त्यांतले बारकेही तोलले. आता शंका उरली नाही.

सोपं होतं ते असं की प्रस्तावना लिहून पाठवावी. चार चांगली वाक्यं, त्यांच्या कष्टांबद्दल, त्यांच्या हाताबद्दल, आणि ती सगळी खरी ठरली असती. आष्टीत छापलेली मराठी पुस्तिका इथले लोक वाचणार नाहीत. पण ज्यांच्यासाठी ती छापायची ती मुलं वाचतील. चकलांब्याचं, गेवराईचं कुणी पोरगं पुढे इकडे येईल, त्या तक्त्यावर विसंबून माशाचं पोट मोजेल आणि समुद्रात आहे त्यापेक्षा कमी खाणं आहे असं सांगेल. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एक दिवस कुणी परका माणूस सरांना ते सांगेल. प्रेसला मजकूर द्यायची तारीख जवळ येत होती आणि मी रोज फोन हातात घेऊन खाली ठेवत होतो. काकूंची ती शिट्टीची गोष्ट ऐकली नसती तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

बाई म्हणाल्या, फोन करून टाक. पण सरांना महत्त्वाचं फोनवर बोललेलं आवडत नाही. फोनवर माणूस नुसता हो-हो म्हणतो, आणि ठेवल्यावर काय ऐकलं ते आठवत नाही, असं त्यांचं मत आहे. म्हणून मी प्रस्तावनेचा कागद बाजूला ठेवला आणि पत्र लिहिलं. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ते असं:

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. प्रस्तावना सोबत नाही. ती मी अजून लिहिलेली नाही, आणि का लिहिली नाही ते सांगायला हे पत्र.

आधी लांबीचं सांगतो. तुमची लांबी मी इथल्या पट्टीवर पुन्हा तपासली. नर, मादी, पिल्लं, सगळ्यांची. ती जशीच्या तशी बरोबर आहे. इथल्या बाईंनीही तपासली आणि विचारलं की हे मोजमाप कुठल्या प्रयोगशाळेतलं आहे. मी कॉलेजचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

वजन कमी आहे, सर. सगळीकडे कमी आहे. तुमच्या हाताची चूक नाही, काट्याची नाही, हवेचीही नाही. बारके दिवाळीपासून मेपर्यंत फॉर्मालिनमध्ये राहिले, तेवढ्या काळात ते आतून झिजले. तुमच्याकडे जे पोचलं त्याचं वजन तुम्ही अगदी बरोबर केलं. पण समुद्रात ते त्यापेक्षा जड होते. मी ताजे आणि बाटलीतले दोन्ही तोलून पाहिलेत, आकडे दुसऱ्या कागदावर जोडले आहेत. मी म्हणतो म्हणून मानू नका. ते बघा, आणि कुठे चुकलो असेन तर सांगा.

हे लिहिताना माझा हात तीन ठिकाणी थांबला. तुमच्याशी मी कधी असं बोललेलो नाही. पण बारका ओढून लांब करायचा नाही हे तुम्ही मला ज्या वयात सांगितलंत, त्यानंतर आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून आकडा ओढणं मला जमणार नाही.

आता चांगलं सांगतो. तुम्ही दर वर्षी तेवढाच काळ थांबलात. कुठल्या वर्षी लवकर, कुठल्या वर्षी उशिरा, असं केलं नाही. त्यामुळे झीजही सगळ्यांची जवळजवळ सारखी झाली आहे. मी तुमची आणि माझी वजनं एकाच लॉग आलेखावर मांडली. दोन रेघा आल्या. तुमची खाली आहे, माझी वर आहे, पण दोन्हींचा उतार एकच आहे. एकमेकींना समांतर आहेत. म्हणजे लांबी वाढली की वजन कसं वाढतं, हे तुम्ही शोधलेलं खरं आहे. रेघ फक्त वर सरकवायची आहे. ज्यांच्याकडे जुन्या बाटल्या पडून आहेत त्या सगळ्यांना ती किती सरकवायची हे हवंच आहे, आणि इतक्या वर्षांचा एकसारखा पुरावा तुमच्याशिवाय कुणाकडे नाही, असं बाई म्हणतात.

मी इथे बसून गुणाकार करून तक्ता दुरुस्त करून देऊ शकतो. पण ते तुम्हाला चालणार नाही, आणि मलाही नको आहे. प्रेसवाल्याला थांबायला सांगा. दिवाळीनंतर इथे या. मी बाईंची परवानगी घेतली आहे, पाहुण्यांच्या खोलीत सोय होईल. आठवडाभर पुरेल. मोठे, मधले, लहान, गरवार, सगळे ताजे तोलू. पुस्तिकेत दोन रकाने देऊ, एक ताज्याचा, एक बाटलीतल्याचा, आणि दुसरा कसा झाला ते सरळ लिहू. मग प्रस्तावना मी लिहीन, आणि मला काही झाकावं लागणार नाही.

काकूंनाही आणा. त्यांना सांगा की काम थांबलेलं नाही, वाढलंय. अण्णांशी मी बोललोय. ते तुम्हाला नगरपर्यंत सोडायला येतो म्हणतात, सामान उचलायला.

आणखी एक. होडी पहाटे निघते. तुम्ही होडीत आलात तर उत्तम, नाहीतर किनाऱ्यावर थांबा, मी बादली तुमच्यापाशी आणीन. बादलीत वाकून बघाल तेव्हा सुरुवातीला काहीच दिसणार नाही. वाटेल की पोरानं नुसतं पाणी आणलंय. जिवंत बारका पांढरा नसतो, सर. काचेसारखा असतो, पाण्यात असला की अंग दिसतच नाही. थोडा वेळ थांबलं की बादलीभर नुसते काळे डोळे दिसायला लागतात, जोडीजोडीने, आणि सगळे हलत असतात.

पहिल्या दिवशी काटा काढायचा नाही. नुसते बघू. वजन दुसऱ्या दिवसापासून.

तुमचा विद्यार्थी